जळकोटला अडकणारा ट्रक

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "ताई, बदलत्या तंत्रज्ञानातला तुमचा प्रवास लिहा." प्रवास म्हणाल तर माझ्या धंद्यातला सगळ्यात लांबचा प्रवास नळदुर्ग ते जळकोट एवढा झाला, आणि तोही पडद्यावर. गाडीनं गेलं तर एवढ्यात चहासुद्धा गार होत नाही. पण सांगण्यासारखा तोच एक आहे, म्हणून तोच सांगते.

नळदुर्गच्या बसस्टँडच्या अंगाला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हायवेचं गाव असल्यामुळं आमच्या ओळीत पंक्चर काढणारा, ट्रकचे कमानपाटे बसवणारा, बॅटरी चार्ज करून देणारा असे सगळे मशीनचे डॉक्टर बसलेले. त्यांच्यात मी एकटी बाई. सुरुवातीला लोक दारातून डोकावायचे आणि विचारायचे, "मालक कुठं गेलेत?" मी सांगायचे, "जेवायला गेलेत, तोवर मी बघते." मालक अजून जेवून आलेले नाहीत.

आधी माझ्याकडं शाळांचे प्रिंटर आणि पतसंस्थेचे खोकणारे कॉम्प्युटर यायचे. आता येतात ते गेमवाले. यांचं मशीन कधी बंद पडत नाही. ते अडकतं. बंद पडलेलं मशीन दुरुस्त करणं सोपं. अडकणारं मशीन दुरुस्त करणं म्हणजे रुसलेल्या पाहुण्याला काय लागलं ते शोधण्यासारखं. तो सांगणार नाही, आणि जेवणारही नाही.

बाहेरच्यांसाठी धंद्यातली एकच गोष्ट सांगते, ती कळली की पुढचं सगळं कळेल. पडद्यावर जी गाडी पळताना दिसते ती पळत नसते. मशीन एकामागून एक चित्रं काढत असतं, भराभर, डोळा फसेल इतक्या वेगानं. चित्रं वेळेवर निघाली की गाडी पळते. एखाद्या चित्राला उशीर झाला की गाडी झटका खाते. फारच उशीर झाला की पडदा थिजतो आणि गिऱ्हाईक माझ्या दारात उभं राहतं. उशीर का झाला हे शोधायचं, एवढाच माझा धंदा.

कारणं कधीकधी अशी निघतात की हसावं की रडावं कळत नाही. एका ऊसवाल्या पाटलांच्या चिरंजीवांनी लग्नाच्या मांडवासारखं लखलखणारं मशीन आणलं. आत एवढं मोठं ग्राफिक कार्ड, की त्याला खालून टेकू दिलेला. गेम मात्र मुंगीच्या पावलानं चाले. मी मागं बघितलं तर पडद्याची वायर त्या कार्डात नव्हतीच, शेजारच्या साध्या भोकात खोचलेली. म्हणजे पहिलवान आणून त्याला ओट्यावर पान खायला बसवला होता आणि पोती म्हातारा गडी उचलत होता. वायर काढून खाली खोचली, काम झालं. चिरंजीव म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच, पण कुणाला सांगणार नाही." तेव्हा सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या एक मावशी. पोराच्या मशीनवर धूळ बसते म्हणून त्यांनी त्याला छान गळ्यापर्यंत बंद, खाली झालर लावलेलं झबलं शिवलं होतं. मिक्सरला असतं तसं. पोरगं ते न काढताच खेळायचं. मशीन आत उकडून निघायचं आणि जीव वाचवायला स्वतःहून हळू व्हायचं. मी झबलं काढायला सांगितलं तर मावशी म्हणाल्या, "उघडं बरं दिसत न्हाय वो." शेवटी चालू असताना उघडं आणि बंद असताना झाकलेलं, असा आमचा तह झाला.

पण खरं सांगू? निम्म्या वेळा दोष मशीनचा नसतो, घरच्यांचाही नसतो. गेमच घाईत उरकलेला असतो. मोठमोठ्या कंपन्या आहेत, पण वागणं असं की पाहुणे पंगतीला बसल्यावर दळण दळायला घ्यायचं. मशीननं जे आधी तयार करून ठेवायचं ते खेळता खेळता तयार करायचं, आणि तोवर पडदा थिजलेला. लोक शिव्या देतात मशीनला. पोरं बापाच्या मागं लागून नवं मशीन घेतात, आणि गेम नव्या मशीनवरही तसाच अडकतो, फक्त जास्त सुंदर अडकतो.

अशा वेळी माझ्या हातात एकच उपाय असतो, काढून टाकणं. आधी सावल्या काढते, मग पाण्यातली प्रतिबिंबं, मग लांबचे डोंगर, मग गवत. प्रत्येक गोष्ट काढली की मशीनचं ओझं कमी होतं आणि गेम पळायला लागतो. माझी उमेदीची वर्षं लोकांच्या खेळातलं गवत कापण्यात गेली. जग जरा उजाड दिसतं, पण गिऱ्हाईक खूश होऊन जातं. याचा मला अभिमानच होता. जळकोटचे आप्पा येईपर्यंत.

आप्पा म्हणजे महादप्पा. उंच, वाळका माणूस, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि आवाज असा की शेजारच्या दुकानातल्यालाही वाटावं आपल्यालाच बोलावलंय. सगळं आयुष्य त्यांनी सोलापूर-हैदराबाद रोडवर ट्रक चालवला. मग डाव्या पायातली ताकद गेली. क्लचचा पाय गेला म्हणजे ड्रायव्हरचा कारभारच आटोपला. गाडी मालकाला परत देऊन ते जळकोटला घरी बसले.

ते पहिल्यांदा आले तेव्हा काठी टेकत दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, गाडी जळकोटला आडकतीया."

मला वाटलं खरी गाडी. मी म्हटलं, "आप्पा, मेकॅनिक पलीकडं बसतो."

"त्याच्याकडंच गेल्तो. त्यानंच तुमच्याकडं धाडलं."

मग जीपमधून त्यांचं मशीन उतरलं, त्यामागून पडदा, स्टिअरिंग आणि पायाखालचे पॅडल. पुण्यात असलेल्या मुलानं, शिवानंदनं, हे सगळं कुरिअरनं पाठवलं होतं. ट्रक चालवायचा गेम. क्लच लागत नाही अशी सोय त्यात त्यानंच करून दिली होती. आप्पा रोज सकाळी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, कामावर बसल्यासारखे त्या ट्रकवर बसायचे.

"डिझेलमधी कचरा हाय बगा," आप्पांनी निदान सांगितलं. "सोलापूरपासनं झ्याक येती. नळदुर्गचा घाट मख्खन चढती. जळकोट आलं की मिसिंग माराया लागती आन जागच्या जागी बसती."

मी म्हटलं यात डिझेल नसतं. ते म्हणाले, "आसंल की, तुमाला सापडलं नसंल."

मशीन उघडलं आणि बघते तर कचरा खरोखरच होता. पण काय कचरा! पंख्याच्या पात्यांवर, जाळीत, आतल्या पट्ट्यांच्या फटीत राखाडी, चिकट थर. बोटावर घेऊन वास घेतला. उदबत्ती. आणि त्यात विभूती.

"आप्पा, मशीनची पूजा करता?"

"मग? पूजा न करता गाडी काढायची व्हय?" त्यांना माझंच नवल वाटलं. "रोज हितं विभूती लावतो. आन उदबत्ती ही आशी, जाळीपुढं. लई गुणाचं मशीन हाय, धूर आपसूक आत घेतंय."

घेईलच. पंख्याचं तोंड आहे ते. देवानं इतक्या वर्षांत कधी इतक्या मनापासून धूर आत घेतला नसेल. त्या मशीननं घेऊन घेऊन छातीत राख साठवली होती. मी ब्लोअर लावला तेव्हा दुकानभर असा सुगंध सुटला की शेजारचा पंक्चरवाला हात जोडून आत आला. सगळं साफ केलं, उदबत्ती मशीनच्या मागच्या बाजूला लावायची असं बजावलं आणि पाठवून दिलं. मनात म्हटलं, काम फत्ते.

आठवडाभरानं आप्पा परत. तीच जीप, तेच मशीन.

"गार चालतंय, पळतंय बी चांगलं. पर जळकोटला आडकतीया."

आता मात्र मला राग आला. मशीनचा नव्हे, जळकोटचा. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही दुसऱ्या रस्त्यानं चालवा ना. गेममध्ये परदेशातले रस्ते आहेत, बर्फातले आहेत. हाच कशाला?"

आप्पा स्टुलावर बसले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"ह्यो रस्ता शिवानं केलाय, ताई. आमच्या पोरानं. त्यो माज्याशी बोलत न्हाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. आप्पांच्या कारभारीण, गौरव्वा, अचानक गेल्या तेव्हा आप्पा माल घेऊन हैदराबादच्याही पुढं होते. निरोप मिळाला तेव्हा गाडी माल उतरवायच्या रांगेत उभी होती. आप्पांनी माल उतरवला आणि मग निघाले. जळकोटला पोचले तोवर माती देऊन झाली होती. शिवानंद तेव्हा बापाला एकच वाक्य बोलला, "माल उतरला का नीट?" त्यानंतर बोलणं जवळजवळ संपलंच. पाय गेला तेव्हा त्यानं मशीन पाठवलं, बसवायला माणूस पाठवला, स्वतः आला नाही. आणि आता मध्येच मोबाइलवर निरोप आला होता, 'रस्ता केलाय. चालवून बघा.'

"तोंडानं बोलत न्हाय, पर रस्ता धाडलाय," आप्पा म्हणाले. "म्या त्यो हैदराबादपत्तूर चालवणार आन मग त्याला फोन लावणार. आर्ध्यातनं काय सांगू? आडकलो म्हणून सांगू?"

मी काउंटरवरचे प्रिंटर बाजूला सारले आणि स्टिअरिंग तिथं आवळून बसवलं. म्हटलं, "चालवा माझ्यासमोर."

रस्ता बघून मी थक्कच झाले. हे गेमवाल्या कंपनीचं काम नव्हतं. असे हौशी लोक असतात, आपल्या भागाचा रस्ता स्वतः बनवून गेममध्ये जोडतात. शिवानंद बिल्डरांसाठी न बांधलेल्या इमारतींची चित्रं करायचा, त्यामुळं हात तयार होता. सोलापूर सुटल्यावरची माळरानं, ढाब्यांपुढच्या बाजा, आमचा किल्ला, बोरी नदी, सगळं जागच्या जागी. माझं दुकानही होतं. पाटी मात्र शेजारच्या पंक्चरवाल्याची लावली होती. तेवढं मी मनात ठेवलं.

आप्पा ऐटीत चालवत होते. समोरच्या गाडीवाल्याला शिव्या देत होते, ढाबा दिसला की "ह्येची डाळ लई आगाव" असं सांगत होते. बसची वाट बघणारी माणसं दारात जमली. एक जण तर तिकीट विचारून गेला. नळदुर्ग मागं पडलं. जळकोटची घरं दिसायला लागली, आणि गाडीनं पहिला झटका खाल्ला. मग दुसरा. मग चित्रं एकेक करून, अडखळत पडायला लागली. थांब्याजवळचं लिंबाचं झाड लांबून दिसलं, त्याच्याखाली काहीतरी हिरवं हललं, आणि पडदा थिजला.

"हितंच," आप्पा म्हणाले. "रोज हितंच. त्या हिरव्यापशी."

मशीन ठेवून घेतलं आणि आप्पांना घरी पाठवलं. मग त्या रस्त्याच्या फाइली उघडून बसले. प्रत्येक वस्तू किती जड आहे ते बघता येतं. ढाबे हलके होते. झाडं हलकी होती. नळदुर्गचा अख्खा किल्ला बुरुजांसकट मशीनला काही जड जात नव्हता. आणि एकच वस्तू अशी होती की बाकी सगळा रस्ता एकत्र केला तरी तिच्या निम्म्यानंही भरणार नाही. तिचं नाव होतं 'अव्वा', म्हणजे कानडीत आई.

मी ती एकटी पडद्यावर घेतली आणि फिरवून बघितली. हिरवं इरकल नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली बाई. एका हातात डबा, दुसरा हात डोळ्यांवर आडवा, रस्त्याकडं बघणारी. जवळ नेत गेले तसं आणखी दिसत गेलं. इरकलाच्या काठातला एकेक धागा वेगळा. पायातल्या जोडव्यांवरचे चरे. चप्पलचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला. टाचांच्या भेगा, आणि चपलेनं झाकलेला तळवासुद्धा. तोंड मिटलेलं होतं, पण मी आत जाऊन बघितलं तर दात होते. एक दाढ किडलेली होती.

मग डबा. झाकण लावलेलं होतं. आत पुन्हा सगळं होतं. ज्वारीच्या भाकरी, त्यांच्यावर करपल्याचे ठिपके. शेंगाची चटणी. फोडलेला कांदा. रस्त्यानं जाणाऱ्याला जे कधीच दिसणार नाही तेही मशीनला प्रत्येक चित्रात नव्यानं काढावं लागत होतं. बिचारं थिजणारच.

माझ्या धंद्याच्या हिशोबानं उपाय पोरखेळ होता. एक बटण दाबायचं, वस्तू जाते. रस्ता मोकळा. आप्पा सरळ हैदराबादला पोचतात. गवत कापायचा इतका सराव असलेली मी, पण बोट त्या बटणावर जाईना. माझ्या आईचा एकही धड फोटो माझ्याकडं नाही. जे आहेत त्यांत ती एकतर वाढतेय नाहीतर पाठमोरी आहे. रस्त्याच्या फाइलीतच शिवानंदचा नंबर होता, तो लावला आणि आप्पांचं मशीन माझ्याकडं दुरुस्तीला आहे म्हणून सांगितलं.

त्यानं तुटक आवाजात विचारलं, "काय झालं? आप्पा बरे आहेत ना?"

मी सांगितलं, आप्पा बरे आहेत, तुमचा रस्ता जळकोटला अडकतो.

"असं कसं? माझ्याकडं एकदम स्मूथ चालतंय, ताई."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकतं. जगातले सगळे गेम बनवणारे हेच म्हणतात. ऑफिसातल्या हत्तीएवढ्या मशीनवर चालवून बघतात आणि म्हणतात, आमच्याकडं चालतंय. मी म्हटलं, "तुमच्याकडं चालू दे हो. चालवायचाय कुणाला? पुण्याला बसून मशीन पाठवलंत तेव्हा बघितलं नाही ते किती ताकदीचं आहे? किडक्या दाढा कसल्या काढता? तोंड मिटलंय ना बाईचं?"

तो म्हणाला, "ती दाढ तिला लई त्रास द्यायची."

माझा राग तिथंच गार झाला. मी जरा समजुतीनं घेतलं. म्हटलं, "शिवानंद, आप्पा अजून तिच्यापर्यंत पोचलेच नाहीत. गाडी आधीच बसते. त्यांना तिथं कोण उभं आहे हेही माहीत नाही."

"माहीत नाही?" त्याचा आवाज बदलला. "मी रोज वाट बघतोय त्यांच्या फोनची. म्हटलं बघितलं असेल, आणि तरी..."

म्हणजे बाप रस्ता संपायची वाट बघत होता आणि लेक बापाच्या फोनची, आणि मध्ये एक किडकी दाढ. मी तिथंच ठरवलं, हे मशीन चालल्याशिवाय दुकानातून हलणार नाही.

मग आम्ही फोनवर भांडत भांडत कामाला लागलो. काय ठेवायचं आणि काय काढायचं. तळवे काढा, तो म्हणाला. दाढ काढा. जरा थांबून म्हणाला, सगळेच दात काढा. चोळीच्या आतली शिलाई काढा. पाठीमागच्या निऱ्या, रस्त्यावरून दिसत नाहीत त्या, काढा. टाचेच्या भेगांवर घोडं अडलं. मी म्हटलं, ट्रकच्या काचेतून टाच दिसत नाही. तो म्हणाला, आप्पा उतरून बघतील. मी म्हटलं, त्या गेममध्ये ट्रकमधून उतरता येत नाही. तेव्हा त्यानं भेगा सोडल्या. डब्यातलं मात्र तो काही केल्या काढू देईना, कारण आप्पांची गाडी जळकोटवरून जायची तेव्हा अव्वा असाच डबा घेऊन थांब्यावर उभी असायची. "तेवढं राहू द्या, ताई. आणि आप्पांना आत काय आहे ते सांगू नका." मी राहू दिलं.

एवढ्यानं भागणार नव्हतं. या धंद्यात एक रीत आहे. लांब असलेली वस्तू मशीनकडून ढोबळच काढून घ्यायची, जवळ आली की बारीक. त्यासाठी प्रत्येक वस्तूचं एक ढोबळ रूप बनवावं लागतं. त्यानं झाडांचं केलं होतं, किल्ल्याचं केलं होतं. हिचं केलं नव्हतं.

"अव्वाचं ढोबळ मी करणार नाही," तो म्हणाला. "ते नुसतं ठिपक्यासारखं दिसतं."

मी म्हटलं, "अहो, तुमचे वडील एवढी वर्षं त्या रस्त्यानं यायचे. लांबून त्यांना काय दिसत असेल? लिंबाखाली हिरवा ठिपकाच ना? तेवढ्यावर ते ओळखत असतील."

शेवटी तो म्हणाला, "करा."

तो ठिपका मी केला. एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी स्वतः बनवलेली ती एकच वस्तू. बाकी सगळं नुसतं काढलंच.

आप्पांना बोलावलं. मी फक्त म्हटलं, "चालवा. डिझेलमधला कचरा काढलाय."

"म्या सांगत हुतो," आप्पा म्हणाले आणि गाडी सोलापूरहून काढली. मी म्हटलं थोडी पुढनं सुरू करा, तर म्हणाले, "आर्ध्यातनं कुणी गाडी काढतं व्हय?" आम्ही सगळे ढाबे पुन्हा बघितले. त्या डाळीची स्तुती पुन्हा ऐकली.

जळकोट आलं. घरं सरकत आली, झटका नाही. लिंबाचं झाड दिसलं. त्याच्याखाली हिरवा ठिपका.

आप्पा बोलत होते ते बोलायचे थांबले. पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला. मी त्यांच्याकडं बघत होते, पडद्याकडं नाही. ठिपक्याची बाई व्हायच्या कितीतरी आधी त्यांचा उजवा पाय ब्रेकवर गेला होता. गाडी कडेला घेतली. हॉर्न दोनदा दिला. गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. मग मान वळवून बघितलं. काचेबाहेर गौरव्वा डोळ्यांवर हात धरून उभ्या होत्या. गाडी आता अडकत नव्हती. पदर वाऱ्यानं सावकाश हलत होता.

दारातल्या माणसांना काही कळलं नाही. एक जण म्हणाला, "का थांबिवली वो?" मी त्याला डोळे वटारले.

आप्पा रडले नाहीत. चेहरा मात्र असा झाला की मी उगाच ब्लोअरची वायर गुंडाळत बसले. मग त्यांनी विचारलं, "ताई, डब्यात काय हाय?"

मला माहीत होतं. भाकरीवरचे ठिपकेसुद्धा पाठ होते. मी म्हटलं, "ते ज्यानं बांधलाय त्याला विचारा."

त्यांनी मोबाइल काढला. आप्पांना फोन कानाला लावायची सवय नाही, ते तो हातावर ठेवून ओरडतात. त्यामुळं पुढचं सगळं आमच्या ओळीनं ऐकलं.

"शिवा."

"हं, आप्पा."

"जळकोटला उभा हाय म्या."

आप्पांनी पडद्याकडं बोट केलं, जणू त्याला पुण्यात दिसणार होतं.

"डब्यात काय घातलंयस?"

"भाकरी. कांदा. शेंगाची चटणी."

"शेंगाची?" आप्पांचा आवाज चढला. "शेंगाची तुला द्यायची शाळंत! मला कारळ्याची. इतकी वर्सं कारळ्याची. तुला ठावं न्हाय?"

"मला कसं ठाऊक असणार? डबा तुम्ही गाडीत नेऊन खायचा. मी कधी उघडलेला बघितला?"

"मग इचारायचं का न्हाय?"

"कुणाला विचारू? तुम्ही घरी होता का?"

मला वाटलं, झालं, आता फोन आपटतो. पंक्चरवाला टायर सोडून दारात आला होता. आप्पा पडद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्हवतो. त्या दिशी बी न्हवतो. माल तसाच ठिवून निगाया पायजे हुतं, शिवा. म्या उतरवत बसलो."

पलीकडं कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. मग शिवानंद म्हणाला, "कारळ्याची चटणी दिसते कशी? फोटो पाठवा."

"फोटो कुटला? कोण करतंय हितं कारळ्याची?"

"मग तोंडानं सांगा."

आणि आप्पा सांगायला लागले. कारळे किती भाजायचे, किती काळे दिसतात, लसूण कसा ठेचलेला असतो, मीठ कसं मध्येच दाताखाली येतं. मी पंक्चरवाल्याला बाहेर काढलं आणि दार पुढं केलं.

दिवाळीच्या आधी आप्पा परत आले. तीच जीप, तेच मशीन, वर विभूतीचे ताजे पट्टे. उदबत्ती मात्र सांगितल्याप्रमाणं मागं सरकली होती.

"शिवानं नवा रस्ता धाडला," ते म्हणाले. "जळकोटला पुन्ना आडकतीया. थोडी."

मी उघडून बघितलं. रस्ता तोच होता. माझ्या दुकानाची पाटी आता बरोबर होती. डब्यातली शेंगाची चटणी गेली होती, आणि तिच्या जागी कारळ्याची होती. झाकणाखाली, कुणाला कधीच दिसणार नाही अशी. कारळ्याचा दाणा न् दाणा वेगळा काढलेला.

मी म्हटलं, "आप्पा, डबा जड झालाय. चटणी काढू का? गाडी सुसाट जाईल, एकदम हैदराबाद."

"बेडा, बेडा," आप्पा म्हणाले. त्यांना घाईनं नाही म्हणायचं असलं की कानडी येतं. "ऱ्हाऊ द्या तशीच. तितं गाडी हळूच घ्यावी लागती."